सावळीनं उघडलेलं झाकण

मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सावळी मेंगाळ नावाची सिस्टर आहे. शहापूरच्या एका नर्सिंग शाळेतल्या मुली प्रशिक्षणाचे काही महिने खेड्यात काढतात, तेव्हा त्यांतल्या दोघी-तिघी दर वर्षी तिच्या वाट्याला येतात. येतात तेव्हा त्यांची तोंडं एवढीशी झालेली असतात. जातात तेव्हा त्याच मुली फाटकाशी उभ्या राहून रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत असतात, आणि सावळी पडवीत बसून ते ऐकते आणि मनात म्हणते, झाली बाई तयार.

ही काय जादू करते, असं शाळेतल्या मॅडमनी एकदा विचारलंही होतं. जादूबिदू काही नाही. मुलीच्या हातून चूक झाली की सावळी तिला दोन प्रश्न विचारते. पहिला, जेवलीस का? दुसरा, ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडे कधी निघायचं? तिसरा प्रश्न नाही आणि उपदेश तर नाहीच. कोपऱ्यात बसून रडायचीही सोय नाही. रडायचंच असेल तर तांदूळ निवडता निवडता रडावं, तेवढंच काम होतं.

हल्ली या विषयाची शिबिरं निघाली आहेत. शिकाऊ नर्सांचं मन खंबीर कसं करावं, यावर ठाण्याला एक झालं, त्याला सावळीलाही बोलावणं होतं. तिथे एका गोड आवाजाच्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून समुद्र डोळ्यांपुढे आणायला सांगितला. एसी चालू होता, खुर्ची मऊ होती, आणि आदल्या दिवशीची वणवण सावळीच्या अंगात होती. ती जी झोपली ती चहाचे कप वाजले तेव्हाच उठली. खंबीरपणाचं तिचं रीतसर शिक्षण एवढंच. खरं शिक्षण झालं ते त्याच्या कितीतरी आधी, ती स्वतः शिकाऊ असताना, आणि त्याला कारण झालं एका निळ्या डब्याचं झाकण.

सावळी डोळखांब गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेच्या एका ठाकरपाड्यातली. बाप धाकलू थोडा भात लावायचा, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी काढायचा, आणि मधल्या दिवसांत मध, डिंक, रानभाजी, जे हाताला लागेल ते डोळखांबला नेऊन विकायचा. माणूस बोलण्यात इतका कंजूष, की गिऱ्हाइकानं भाव विचारला तर बोटं दाखवून मोकळा व्हायचा. पोरगी आश्रमशाळेत शिकली, बारावी झाली, नर्सिंगला तिचा नंबर लागला, तेव्हा अख्खा पाडा तिला एस.टी.पर्यंत सोडायला खाली उतरला. कुणी अंडी दिली, कुणी नवी चादर दिली. एका म्हाताऱ्यानं तर तिथंच पाय पुढे करून विचारलं, "बघ गो, हा गुडघा का दुखतो?" तिनं अजून नर्सिंग शाळेचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं.

सगळी गोम इथेच होती. पाड्यानं तिला पहिल्याच दिवशी सिस्टर करून टाकलं. ही पोरगी अजून शिकायची आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुट्टीत घरी गेली की अंगणात गुडघे, कंबरा आणि खोकले हजर. त्यामुळे विंचवाला न भिणारी, रक्ताला न भिणारी सावळी एकाच गोष्टीला मरणाची भ्यायची, ती म्हणजे आपल्या हातून काही चुकण्याला. आपण चुकलो तर एकटीचं काही जाणार नाही, साऱ्या पाड्याचं नाक जाईल, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. शाळेत एकदा सलाइनची सुई नीट लागली नाही, तर ही दोन वेळा जेवली नाही. मैत्रिणी हसायच्या. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

अशा या मुलीची नेमणूक म्हसं या जत्रेच्या गावाजवळच्या एका उपकेंद्रात झाली, वत्सला सिस्टरच्या हाताखाली. वत्सला सिस्टर शेतकरी घरातल्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की पडवीतून बोलल्या तर नदीपलीकडच्या वाडीतल्या बाया उत्तर द्यायच्या. आलेल्या माणसाला आधी यथेच्छ ओरडायच्या, मग त्यालाच आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या. सावळी त्यांना घाबरायची, आणि त्या ओरडल्या नाहीत की आणखीच घाबरायची.

पौषातला लसीकरणाचा दिवस होता. आजूबाजूच्या वाड्यांतल्या आया लेकरांना कडेवर घेऊन सकाळपासून पडवीत येऊन बसल्या होत्या. मोठ्या दवाखान्यातून लस पोचवणारा राघो मोटारसायकलवर लसीचा निळा डबा घेऊन आला, ठेवून गेला. डबा साधाच, पण लसीकरणाचा सगळा जीव त्याच्यात. चारी बाजूंनी बर्फ, मधोमध लसीच्या कुप्या. झाकण घट्ट राहिलं तर आतला गारवा दिवसभर टिकतो. झाकण उघडं राहिलं, बर्फ वितळला, आत गरम झालं, की ती लस टोचायची नाही. त्यावर मखलाशी चालत नाही. आणि त्या दिवशीच्या लसीला महत्त्व जास्त होतं, कारण म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रा झाली की इथली बरीच कुटुंबं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तोवर लेकरं कुठे आणि लस कुठे.

वत्सला सिस्टर डबा उघडणार, एवढ्यात फाटकात एक जीप येऊन थांबली. आत रोशनी नावाची पहिलटकरीण, ओठ चावून बसलेली, आणि तिच्याबरोबर तिची सासू भिमी. निघाल्या होत्या मोठ्या दवाखान्यात, पण बाळाला तेवढा धीर नव्हता. सिस्टरनी रोशनीच्या पोटाला हात लावला, अॅम्ब्युलन्सला फोन केला, आणि म्हणाल्या, "गाडी येईल तेव्हा येईल. हे इथंच होणार." वाडीतल्या आशा कार्यकर्तीला घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. जाता जाता सावळीला म्हणाल्या, "ही म्हातारी तुझी. आत पाऊल टाकू द्यायचं नाय. ती म्हणेल ते कर, पण तिला बाहेर गुंतवून ठेव."

सावळी शब्दाची पक्की. ती म्हणेल ते कर म्हणजे ती म्हणेल ते.

भिमीनं बाहेरच्या खोलीभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. "अगो, इथं सगळंच बंद करून बांधून ठेवलंय तुमी. कसं सुटंल गो बाळ?"

हे सावळीला समजावून सांगायची गरज नव्हती. बाई बाळंतीण व्हायला बसली की घरातली एकही गाठ बांधलेली आणि एकही झाकण लावलेलं ठेवायचं नाही, हे तिनं आपल्या पाड्यात जन्मापासून पाहिलं होतं. तिचा धाकटा भाऊ झाला तेव्हा कणगीचं तोंड मोकळं केलं होतं आणि शेरडांची दावी सोडली होती. शाळेत यातलं काही शिकवलेलं नव्हतं, पण यात कुणाचं नुकसानही नव्हतं. तिनं खिडक्या उघडल्या. कपाटाची दारं उघडली. स्वतःची वेणी सोडली, भिमीच्या गाठोड्याची गाठ सोडली, तांदळाचा डबा, जेवणाचा डबा, फिनेलची बाटली, सगळ्यांची टोपणं काढून ओळीनं ठेवली. पडवीतल्या आयांनाही मग राहवेना. एकीनं लेकराची झोळी सोडली, दुसरीनं केसांचा रबर काढला, आणि तिसरीनं उपकेंद्राच्या शेजाऱ्याची खुंट्याला बांधलेली बकरी सोडली. बकरीला वेळकाळाचं भान असतं. ती थेट त्याच्याच वालाच्या शेतात शिरली.

भिमीनं पुन्हा एकदा खोली न्याहाळली. एकच वस्तू बंद उरली होती. "तो निळा डबा?"

सावळीचा हात थबकला. तिला सगळं माहीत होतं. शाळेत या डब्यावर तिला पैकीच्या पैकी गुण होते. पण तेवढ्यात आतून रोशनी किंचाळली, भिमीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू आता सगळं हिच्याच हातात आहे, आणि सावळीनं झाकण काढलं. मनाशी म्हणाली, लगेच लावते. तोच आतून सिस्टरची हाक आली, "ए बाय, कापडं आण," आणि ती धावली.

बाळ झालं तेव्हा दुपार कलली होती. मुलगी. अशी सणसणीत रडली की पडवीतली निजलेली लेकरं दचकून तिच्या सुरात सूर मिसळायला लागली. भिमीनं गाठोड्यातून गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. सावळीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बाळ जन्मल्या जन्मल्या हातात घेतलं होतं. तिला इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना, म्हणून ती बाळाच्या पायाची बोटं पुन्हा पुन्हा मोजत होती. मग गाडी आली, मायलेकी आणि भिमी मोठ्या दवाखान्यात गेल्या, आणि वत्सला सिस्टर हात धुऊन म्हणाल्या, "चला, आता लसी."

डबा खिडकीखाली होता. खिडकी सताड उघडी, आणि ऊन सरळ डब्यात. सिस्टरनी आत हात घातला, बाहेर काढला. बोटांवरून कोमट पाणी ओघळलं.

"झाकण कुणी काढलं?"

"मी," सावळी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

सिस्टरनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. आता आज दुसरी लस पोचणं शक्य नव्हतं. मग त्यांनीच पडवीत जाऊन आयांना सांगितलं, की लस खराब झाली आहे, आज टोचता येणार नाही. सकाळपासून बसलेल्या बाया कुरकुरत उठल्या. काजल नावाची एक उंच, सडपातळ बाई सगळ्यांत लांबच्या वाडीतून मुलाला कडेवर घेऊन चालत आली होती. ती म्हणाली, "जत्रा झाली की आमी भट्टीवर. आता परत येणार नाय." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. काजल मागे न बघता चालायला लागली, आणि तिच्या मागून एकेक करत पडवी रिकामी झाली.

सावळीनं सरळ बापाला फोन केला. "बाबा, मला न्यायला या." धाकलू म्हणाला, "येतो." त्याच्याकडून एवढंच यायचं. मग ती पिशवी भरायला बसली.

वत्सला सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. सावळीनं मान वर केली नाही. "सिस्टर, मी घरी जाते. मला नाय जमायचं हे."

"जा. जेवलीस का?"

"भूक नाय."

"उपाशी मी कुणाला घरी सोडत नाय. बस."

भात होता, वालाचं बिरडं होतं, भाजलेलं सुकट होतं. सावळी रडत होती आणि जेवत होती. "रडताना घास घशात बसतो, पाणी पी मधे मधे," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःही जेवायला बसल्या, कारण भूक त्यांनाही लागली होती. पान पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाप कधी येतो?"

"उद्या दुपारच्या एस.टी.नं. तिकडून तीच एक गाडी."

"बरं झालं. सकाळ मोकळी हाय. सकाळी वाड्यांवर जायचं, आयांना सांगायला."

"काय सांगायचं?"

"काय झालं ते."

सावळीनं विचारलं, "तुमी सांगाल ना?"

"झाकण मी काढलं का? मी बाजूला उभी राहीन. तोंड तुझं." मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, पोरं नक्की येणार असतील तर सांगा, लस मी देतो. येणार का, ते विचारायला कुणीतरी जायलाच पायजे."

सावळी थोडा वेळ भांडी घासत राहिली. मग हळूच म्हणाली, "बर्फच नीट नव्हता असं सांगितलं तर?"

"सांग की. मग राघोच्या हातच्या डब्यावर पुढच्या वेळेला कोण विश्वास ठेवील, तेही सांग."

सावळीला स्वतःची लाज वाटली. तिनं तो विषय परत काढला नाही.

सकाळी दोघी निघाल्या तर फाटकात भिमी उभी. ती सुनेबरोबर दवाखान्यात गेली होती, पण तिथेही तिनं कपाटं उघडायला सुरुवात केल्यावर तिथल्या नर्सनी तिला पहिल्या रिक्षात बसवून परत धाडलं होतं. आता तिला काही उद्योग नव्हता. "मी पण येते," ती म्हणाली. "डबा उघडायला मीच सांगितलं. आणि पोरगी बघा कशी सुटसुटीत झाली."

उपकेंद्राला लागूनच असलेल्या पहिल्या वाडीतलं पहिलं घर अपेक्षाचं. सावळीनं रात्रीच मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. अपेक्षा दारात येताच ती सगळी पळून गेली. "काल लस खराब झाली ती माझ्यामुळे," ती एका दमात म्हणाली. "डब्याचं झाकण मी काढलं आणि लावायला विसरले. तुमचा दिवस फुकट गेला."

"पण काढलंस कशाला?"

"आत रोशनीवहिनी अडल्या होत्या. आजी म्हणाली, सगळं उघड."

अपेक्षा तिच्याकडे बघत राहिली, मग भिमीकडे, आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिनं सासूला हाक मारली, सासूनं जावेला मारली, आणि अंगणात हां हां म्हणता सभा भरली. कारण काल बकरी सोडणारी बाई ही अपेक्षाच होती. डबा उघडणं चुकीचं होतं हे सगळ्यांना मान्य झालं, पण तो न उघडता चाललं असतं का, यावर मात्र एकमत होईना. भिमीचं म्हणणं, डबा उघडला तेव्हाच बाळाला वाट मिळाली. अपेक्षा म्हणाली, बाळ बकरी सोडली तेव्हाच आलं, डब्याला उगाच मान देऊ नका. बकरीवाला शेजारी कुंपणावरून ओरडला की बाळ कशानंही येवो, त्याच्या वालाचं काय. सावळी मधोमध उभी होती आणि तिला कळेना की ज्या गोष्टीनं तिला रात्रभर डोळा लागू दिला नाही, त्या गोष्टीवर या बाया एवढ्या पोटभर कशा भांडताहेत. मग तिलाही हसू आलं. दाबायला गेली तर नाकातून आलं.

सगळीकडे असं झालं नाही. पुढच्या घरी एका बाईनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. शेतावरचा रोज बुडवून आले होते, लेकरू उन्हात तापलं, तुमच्या मनात येईल तेव्हा आमी चालायचं का? सावळीनं वत्सला सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर समोरच्या आंब्याला मोहोर धरलाय का ते बघत होत्या. मग सावळी म्हणाली, "खरंय ताई. तुमचा रोज माझ्यामुळे बुडाला." बाईचं आणखी बरंच बोलायचं राहिलं होतं, पण समोरून भांडायलाच कुणी नसल्यावर ती तरी किती बोलणार. शेवटी आत जाऊन तिनं तिघींना पाणी आणून दिलं, आणि पुढच्या घराची जवळची पायवाट दाखवली.

प्रत्येक घरी सावळीचा आवाज थोडा मोठा होत गेला. प्रत्येक घरी अडचण मात्र तीच निघाली. पुनवेपर्यंत शेतावरचा रोज, पुनवेला सगळी वाडी म्हशाला जत्रेत, आणि जत्रेनंतर भट्टीवर. मधे दिवसच नाही.

तिसऱ्या की चौथ्या घरातून बाहेर पडताना सावळी म्हणाली, "सिस्टर, जत्रेत डॉक्टर दवाखान्याचा मांडव टाकतात ना? मग म्हशालाच टोचलं तर?"

"डॉक्टरांना विचार."

"मी?"

"कल्पना कुणाची?"

सावळीनं तिथंच बांधावर उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, की काल डबा उघडणारी तूच का? सावळी म्हणाली, "हो सर, मीच." डॉक्टर पुन्हा हसले आणि म्हणाले, चालेल, किती मुलं येतील ते आदल्या दिवशी कळव. फोन ठेवल्यावर सावळीच्या लक्षात आलं, की हे 'मीच' आता तोंडातून सहज निघतंय.

काजलची वाडी सगळ्यांत शेवटी. ती दारातच उभी होती, मूल कडेवर. सावळीनं सगळं सांगितलं, झाकणाचं, उन्हाचं, जत्रेतल्या मांडवाचं. भिमीनं आपलं बाळंतपणाचं शास्त्र जोडलं. काजल हसली नाही आणि रागावलीही नाही. "झालं सांगून?" तिनं विचारलं. सावळी म्हणाली, "हो." "बरं," काजल म्हणाली, आणि कुडाची ताटी ओढून घेतली.

परतीच्या वाटेवर सावळी बोटांवर लेकरं मोजत होती. बाकीच्या आया येतील असं वाटत होतं, पण सगळ्यांत जास्त चालून आलेलं लेकरूच राहणार, हे तिच्या मनाला लागून राहिलं. उपकेंद्राचं फाटक दिसलं तसं भिमीनं पुन्हा बकरी की डबा ते उकरून काढलं. सावळी तिच्याशी तावातावानं भांडत, हसत फाटकातून आत शिरली, आणि थबकली. पडवीत धाकलू बसला होता, मांडीवर घडी घातलेली रिकामी गोणी घेऊन.

"बाबा, तुमी इथं कसे?"

"तूच बोलावलंस."

सावळीनं जीभ चावली. ती खरोखरच विसरली होती. वत्सला सिस्टरनी तोंड फिरवून घेतलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग सावळीनं बापाजवळ बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. धाकलूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळ बरं हाय ना?"

"बरं हाय."

"मग चलायचं?"

"आज कशी येऊ? पुनवेला जत्रेत लसी हायत. आयांना सांगून आलोय."

धाकलूनं मान हलवली. गोणीकडे पाहून तो म्हणाला, "ही रिकामीच नेऊ?" सिस्टरनी ती वालाच्या शेंगांनी भरून दिली; त्यातल्या बऱ्याचशा शेजाऱ्याच्याच होत्या, बकरीपासून वाचलेल्या. संध्याकाळच्या एस.टी.नं तो परत गेला. खिडकीतून त्यानं लेकीला हात केला, आणि त्याच्यासारखा माणूस चक्क हसत होता.

पुनवेला म्हसं नुसतं भरून वाहत होतं. एका बाजूला बैलबाजार, शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरं. दुसऱ्या बाजूला पाळणे, गोडीशेव, खाजं, आणि सगळ्यांवर कडी करणारे कर्णे. त्यांच्या मधोमध डॉक्टरांचा मांडव, आणि मांडवात सावलीच्या जागी निळा डबा. आया नव्या लुगड्यांत आणि साड्यांत नटून आल्या, लेकरांच्या डोक्यावर जत्रेतल्या टोप्या. सुई लागली की लेकरू टाहो फोडायचं, आणि लगेच कुणीतरी पिपाणी वाजवून त्याला गप्प करायचं. अपेक्षा आली, भांडलेली बाई आली, आणि येताना शेजारणीचंही मूल घेऊन आली. भिमी मांडवाच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या नातीची जन्मकथा सांगत होती. वत्सला सिस्टर टोचत होत्या, सावळी नावं घेत होती, लेकरांना झेलत होती, आणि प्रत्येक वेळी मान वर करून गर्दीत कुणालातरी शोधत होती.

ऊन उतरायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "आवर आता." सावळीनं उगाचच टेबल पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं.

तेव्हा बैलबाजाराच्या बाजूनं काजल आली. मूल कडेवर, आणि मागे आणखी चार बाया, चौघींच्या कडेवर चार मुलं. भट्टीवर एकत्र जाणाऱ्या टोळीतल्या त्या बाया होत्या. वत्सला सिस्टर त्यांना ओळखत होत्या; इतकी वर्षं हाका मारून, ओरडून, भाकरी देऊन झालं होतं, त्या कधी लसीला आल्या नव्हत्या.

सिस्टरनी सुई भरली आणि हात पुढे केला. काजल जागची हलली नाही. तिनं सावळीकडे हनुवटी केली. "हिच्या हातनं."

सावळी मागे सरकली. "काजलताई, मला अजून येत नाय नीट. मी शिकतेय अजून."

"शिकतेस ना? मग शीक," काजल म्हणाली. "चुकलीस तर घरी येऊन सांगतेस, ते बघितलंय मी. ये, मी धरते याला."

ती स्टुलावर बसली, मुलाला मांडीवर घेतलं आणि त्याचा पाय घट्ट धरून ठेवला. मागच्या चौघी आपापली मुलं सावरून रांगेत उभ्या राहिल्या. सावळीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं खांद्याला पुसलं. वत्सला सिस्टरनी सुई तिच्या हातात दिली आणि त्या तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सावळीनं वाकून मुलाच्या मांडीवरून कापसाचा बोळा फिरवला.